चानोच्या जीपचा डावा सांधा

१

शनिवारी, बावीस जूनला, सकाळी साडेअकराच्या सुमारास चानोची जीप सेद्रो वळणावर सरळ गेली. तिथे रस्ता डावीकडे वळतो. जीप वळली नाही. ब्रेकच्या खुणा चांगल्या बारा पावलं लांब होत्या, म्हणजे माणूस शुद्धीवर होता, डुलक्या काढत नव्हता. खाली साठ मीटर कॉफीची झाडं आणि मग ओढा.

तिघं गेले. चानो, म्हणजे नासियान्सेनो लोआइसा, बावीस वर्षं हाच रस्ता चालवणारा. आणि मागच्या फळीवर उभे असलेले दोन कॉफीतोडे मजूर. हंगामासाठी बाहेरून आलेले. त्यांची नावं कळायला आम्हाला दोन दिवस लागले. हे सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

मी ओदीला मोन्काडा, पाल्मिचाल नगरपालिकेची वाहतूक निरीक्षक. डोंगरातल्या वाड्यांवर माणसं, पोती आणि केळीचे घड नेणाऱ्या जुन्या जीपांची वर्षातून एकदा तपासणी करायचं काम माझं. मी सही केल्याशिवाय त्या जीपा माणसं भरू शकत नाहीत.

मी दोर धरून खाली उतरले. जीप एका झाडाला टेकून आडवी पडली होती. उजवं चाक सरळ होतं आणि डावं चाक तोंड फिरवून भलतीकडे बघत होतं. एकाच गाडीची पुढची दोन चाकं दोन दिशांना. हे कशाने होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी नळी असते, टायरॉड म्हणतात तिला. तिच्या दोन्ही टोकांना आट्यांनी फिरवून बसवलेले सांधे असतात, प्रत्येक सांध्यात एक लोखंडी गोळी. गोळी झिजली की हँडल ढिलं पडतं. त्याहून झिजली की एक दिवस ती खोबणीतून बाहेर येते आणि मग तुम्ही हँडल कितीही फिरवा, ते चाक तुमचं ऐकत नाही.

डाव्या सांध्याची गोळी बाहेर आली होती. रबरी टोपी फाटलेली, ग्रीस काळं पडून वाळलेलं. नवीन होती ती फक्त नट अडवणारी दुपायी कॉटर पिन. ती चकचकत होती.

मी वर आले, नगरपालिकेच्या जीपमध्ये बसून माझी वही उघडली. चार जूनच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: “जीप नंबर तीन. टायरॉडचे दोन्ही सांधे नवीन. ढिलेपणा नाही.” खाली माझी सही. सोबत उस्ताद एवेलियो तांगारिफेची पावती टाचलेली: आदल्या दिवशी दोन्ही सांधे बदलले.

अठरा दिवसांत नवा सांधा असा होत नाही. मग माझ्या मनात एकच गोष्ट आली. गॅरेजवाल्यांची एक जुनी लबाडी आहे. झिजलेल्या सांध्याच्या पोटात पत्र्याचा तुकडा ठोकायचा, वरून घट्ट ग्रीस भरायचं, बाहेरून रंग द्यायचा. हाताला घट्ट लागतो, आठवडाभर टिकतो. म्हाताऱ्याने मला फसवलं होतं. माझ्या हातांना फसवलं होतं.

दुपारी दोन वाजता मी पोलीस सार्जंटला घेऊन एवेलियोच्या गॅरेजवर गेले आणि सगळ्या गल्लीसमोर त्याला गाडीत बसवलं. मीच बोलत होते, आणि काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२

एवेलियो सदुसष्ट वर्षांचा. माझ्या वडिलांची जीपही तोच दुरुस्त करायचा. रविवारी सकाळी मी कोठडीत गेले तेव्हा तो बाकावर ताठ बसला होता. कुणीतरी आणून दिलेलं गुळाचं पाणी तसंच निवलं होतं.

मी जबाब लिहून घ्यायला बसले. सांधे कुठून आणले ते विचारलं. चौकातल्या फान्नीच्या दुकानातून, म्हणाला. जीपच्या मालकाने सांगितलं, मी आणले, मी बसवले. जुने काय केले? मालकाच्या माणसाला, आल्बेइरोला, परत दिले. त्याने मागून घेतले. मी विचारलं, भंगार कशाला मागून घेईल कुणी? ते त्यालाच विचार, म्हणाला.

मग त्याने मला विचारलं, “तो सांधा उघडलास?”

“उघडायचं काय त्यात? दिसतंय ना.”

“म्हणजे उघडला नाहीस.” तो माझ्याकडे बघतही नव्हता. “पोरी, मला कोठडीत घालायला तुला अडीच तास लागले. सांधा कापायला पाव तास लागतो.”

मला राग आला. त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग येत होता. पण मी उठले आणि नगरपालिकेच्या शेडमध्ये गेले. सांधा पकडीत आवळला आणि करवतीने तळाची टोपी कापली.

आत पत्र्याचा तुकडा नव्हता. पूर्वी कधी असल्याची खूणही नव्हती. ग्रीस करपलेल्या गुळासारखं तळाला चिकटलेलं. ते खरवडलं तर खाली खोबणीला गंज, जुना, पापुद्रे सुटलेला गंज. गोळी गोल राहिलेलीच नव्हती, एका बाजूने चपटी झाली होती. असा सांधा कुणी कसाही भरला, रंगवला, देवाची शपथ घालून बसवला, तरी माझ्या बोटांना घट्ट लागला नसता.

मी गाडीखाली झोपते, कुणीतरी वर हँडल डावीउजवीकडे हलवतं आणि मी सांध्यावर हात ठेवून बघते. सोळा वर्षं हेच करते आहे. चार जूनला माझ्या बोटांखाली जो सांधा होता, तो हा नव्हता.

३

मग मी नळी पुसली. काल उतरवून आणली तेव्हापासून ती चिखलाने माखली होती. डाव्या टोकाला, सांधा जिथे आत फिरतो तिथे, चिखलाखाली एक पिवळी रेघ होती. तिचा अर्धा भाग. नळीच्या कडेपर्यंत येऊन ती तुटली होती.

ही एवेलियोची सवय. सांधा बसवून चाकांची दिशा जुळवली की तो नळीवर आणि सांध्याच्या मानेवर मिळून एकच आडवी रेघ ओढतो, पिवळ्या रंगाची. पुढे सांधा आपोआप फिरला तर रेघ मोडलेली दिसते. नळीवर अर्धी रेघ होती म्हणजे उरलेली अर्धी सांध्याच्या मानेवर असायला हवी. कापलेल्या सांध्याच्या मानेवर मी मोटारीचं तेल लावून पुसून पाहिलं. तिथे रंगाचा ठिपकाही नव्हता.

एवेलियोने नवा सांधा बसवला होता. नंतर कुणीतरी तो काढून जुना परत लावला, नवी पिन घालून. उजव्या बाजूलाही तसंच.

मी सार्जंटला म्हातारा सोडायला सांगितलं. तो म्हणाला, अटकेचा कागद तुमचाच आहे, मेयरसाहेबांच्या सहीशिवाय मागे घेता येत नाही, आणि मेयरसाहेब उद्या येतील. मी वाद घातला. उपयोग झाला नाही. एवेलियोला जाऊन हे सांगायचं मला धाडस झालं नाही, हेही सांगून टाकते.

जीपचा मालक गिल्दार्दो उस्मा. आठ जीपा, कॉफीचं गोदाम, नगरपालिकेत एक खुर्ची. तो गोदामातच भेटला. मला काळी कॉफी दिली, स्वतः ओतून. तिन्ही शवपेट्यांचा खर्च आपणच केला, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. मी सांधे बदलल्याचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मान हलवत राहिला.

“बाई, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये,” तो म्हणाला. “पण चानोला बाटलीचा शौक होता, हे सगळ्यांना माहीत आहे. नवा माल हातात आला, विकला असेल. जुना लावायला किती वेळ लागतो?”

हे इतकं सरळ होतं की क्षणभर पटलं. गाडी रात्रंदिवस चानोच्या ताब्यात, नट सोडवायचे पाने त्याच्याकडे. मी विचारलं, जुने सांधे तर आल्बेइरोने परत घेतले होते ना? गिल्दार्दो म्हणाला, अंगणातच पडलेले असतात, कुणीही उचलावेत.

बाहेर आल्यावर आल्बेइरो एका जीपचं रेडिएटर भरत होता. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. मी त्याला सांध्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, मालकांनी सांगितलं तेच खरं. मी म्हटलं, मालकांनी काय सांगितलं ते तुला कसं माहीत, तू तर बाहेर होतास. त्यावर त्याच्या हातातली बादली कलंडली आणि त्याचे बूट भिजले. तो वाकून पाणी बघत बसला.

४

चानोची बायको ब्लांका निडिया. घर माणसांनी भरलेलं, कोपऱ्यात जपमाळ चाललेली. ती मात्र स्वयंपाकघरात उभी राहून जोरजोरात मक्याच्या भाकऱ्या, अरेपा, थापत होती, कुणी खाणारं नसताना. डोळे कोरडे होते.

मी गिल्दार्दोचं म्हणणं तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण दुसरं कसं विचारणार?

तिने हातातला गोळा परातीत आपटला. “शौक होता. पाच वर्षांपूर्वी होता. धाकटी झाली त्या दिवशी सोडली. सगळ्या गावाने बाटल्या मोजल्या, सोडली ते कुणी मोजलं नाही.”

मग ती एका दमात बोलत गेली. चानो गेलं वर्षभर मालकाच्या मागे लागला होता, गाडीचं हँडल हातात राहत नाही म्हणून. सोमवारी सांधे बदलले तेव्हा घरी येऊन त्याने लेकीला मांडीवर बसवलं आणि हवेत हँडल फिरवून दाखवलं, बघ, आता एका बोटाने वळते. मंगळवारी तपासणीला गेला तेव्हा शीळ घालत गेला. संध्याकाळी परत आला तो जेवलाच नाही. बुधवारी सकाळी तिने विचारलं तेव्हा म्हणाला, गाडी पुन्हा दारुड्यासारखी चालायला लागली.

“का, ते नाही विचारलंत?”

“विचारलं. म्हणाला, तुला कळून काय करायचंय, तुला गप्प बसता येत नाही.” तिने माझ्याकडे पाहिलं. “खरंच नसतं बसता आलं.”

स्वतःच सांधा विकणारा माणूस घरी येऊन उपाशी झोपत नाही. आणि विकायचाच तर वर्षभर मागितला कशाला? चानो संशयितांच्या यादीतून गेला. गिल्दार्दोने मेलेल्या माणसावर ढकललं होतं, शवपेटीचे खिळे ठोकून होण्याआधीच.

निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शुक्रवारी, म्हणजे मरणाच्या आदल्या दिवशी, चानोचं रुबिएलशी चौकात भांडण झालं होतं. गिल्दार्दोचीच पाच नंबरची जीप चालवतो तो. शर्ट फाटेपर्यंत मारामारी. कशावरून, ते चानोने तिला सांगितलं नाही.

“मला वाटलं, नंबर लावण्यावरून,” ती म्हणाली. “पण नंबर लावण्यावरून चानो कधी रडला नव्हता.”

५

सोमवारी सकाळी रुबिएल चौकात होता. जीपच्या टपावर पोती बांधत होता, दोर दातात धरून. तरुण, तिखट जिभेचा माणूस. मी भांडणाबद्दल विचारल्यावर दोर न सोडताच म्हणाला, नंबर लावण्यावरून. चानो मध्ये घुसला, मी ओढला. रोजचंच आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. गावात आणखी कुणाला पाना चालवता येत नाही का, माझ्यावरच संशय का, असंही म्हणाला.

माझा खरंच त्याच्यावरच संशय होता. सांधे एकाच मापाचे. भांडण झालेलं. याच्याच गाडीला चानोचे नवे सांधे असले तर? मी बॅग खाली ठेवली आणि तिथेच, चौकात, फरशीवर त्याच्या जीपखाली शिरले. तो टपावरून खाली उतरला, गाडीखालून त्याचे बूट दिसत होते. मी ओरडले, हँडल हलव. तो हलला नाही. दुसऱ्या कुणीतरी चढून हलवलं.

सांध्याने माझ्या तळहातात दात हलावा तशी टकटक केली. डावा आणि उजवाही. टोप्या फाटलेल्या, ग्रीस वाळलेलं. चानोचे सांधे इथे नव्हते. पण नवे कुठलेच नव्हते.

मी गाडीखालूनच हात लांब करून वही ओढली आणि पान शोधलं. सहा जून. जीप नंबर पाच. “टायरॉडचे दोन्ही सांधे नवीन. ढिलेपणा नाही.” ओ. मोन्काडा.

मी मान वळवून पाहिलं. रुबिएलचे बूट जागचे हलले नव्हते.

६

चौकात गिल्दार्दोच्या आणखी तीन जीपा उभ्या होत्या. मी तिन्हींच्या खाली गेले. तिन्हींचे सांधे ढिले, वहीत तिन्हींचे नवे. नंबर दोन तर इतकी वाईट होती की मी तिची किल्ली काढून खिशात टाकली. चालक कुरकुरला नाही.

तिथून फान्नीच्या दुकानात गेले. या जुन्या जीपांचे सांधे आमच्याकडे फक्त तीच मागवते. गिल्दार्दोसाठी यंदा किती जोड्या गेल्या? तिने वही न बघता सांगितलं, एक. एवेलियो उस्ताद घेऊन गेला. बाकी सात जीपांसाठी विचारलं होतं का? विचारलंही नाही.

मग मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि तारखा एका ओळीत लिहिल्या. चार, पाच, सहा, सात, अकरा, बारा, तेरा, चौदा जून. सुटीचे दिवस सोडून रोज एक जीप. बाकीच्या मालकांनी आपापल्या सगळ्या गाड्या एकाच सकाळी आणल्या होत्या. गिल्दार्दोने तसा अर्जच केला होता: हंगामाचे दिवस, सगळ्या गाड्या एकदम थांबल्या तर लोकांचे हाल होतील, रोज एक गाडी पाठवतो. मी अर्ज मंजूर केला होता. इतकंच काय, लोकांची काळजी करतो म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आठ जीपा, आठ दिवस, सांध्यांची एकच जोडी. तपासणी झाली की संध्याकाळी सांधे काढायचे, त्या गाडीला तिचं जुनं भंगार परत लावायचं आणि नवे सांधे उद्याच्या गाडीला. म्हणूनच आल्बेइरोने जुने मागून घेतले होते. मी आठ वेळा फरशीवर झोपून एकाच सांध्यावर हात ठेवला होता आणि आठ वेळा “नवीन” असं लिहिलं होतं.

आता ती जोडी कुठे होती? शेवटच्या गाडीला. चौदा जूनची गाडी होती नंबर एक. तिच्यातून स्वतः गिल्दार्दो, त्याची बायको आणि नातवंडं मळ्यावर जातात. आठ दिवसांचा फेरा संपल्यावर नवे सांधे काढून पुन्हा चानोला द्यायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं.

दुपारी मी सार्जंटला आणि चानोच्या जीपची नळी बरोबर घेऊन त्याच्या अंगणात गेले. गिल्दार्दो पायरीवर आला. आल्बेइरोला मी पाना घेऊन बोलावलं आणि नंबर एकचा डावा सांधा काढायला लावला. त्याने नट सोडवला आणि बोल्टच्या टोकावर सरळ हातोडा घातला. मी त्याला थांबवलं. एवेलियो असा कधी ठोकत नाही; तो सांधा ज्यात बसतो त्या चाकाकडच्या आर्मला बाजूने एक टोला देतो आणि सांधा आपोआप खाली येतो. इथे बोल्टच्या आट्यांचं टोक आधीच चेचून फुललेलं होतं, घावावर घाव. नटाचे कोपरे घासून गोल झाले होते. वीस दिवस वापरलेल्या सांध्यावर इतका हातोडा कुणी चालवत नाही. आठ गाड्या फिरलेल्यावरच तो चालतो.

सांध्याच्या मानेवर अर्धी पिवळी रेघ होती. नंबर एकच्या नळीवर रेघच नव्हती. मी सांधा चानोच्या नळीत फिरवत गेले. दोन्ही अर्ध्या एकमेकींसमोर आल्या तेव्हा ब्रशचा एक सुटा केस, रंगात चिकटलेला, नळीवरून थेट सांध्यावर गेला.

गिल्दार्दोने ते पाहिलं आणि आल्बेइरोकडे वळला. याने परस्पर काय केलं मला माहीत नाही, म्हणाला. मी खिशातून अर्ज काढला. वेगवेगळ्या तारखा मागणाऱ्या त्या अर्जावरची सही आल्बेइरोची नव्हती. आल्बेइरोला लिहिता येत नाही.

आल्बेइरो हातोडा धरून उभा होता. तो मालकाशी नाही, माझ्याशी बोलला. “सात वेळा काढला, सात वेळा घातला, बाई. पहिल्याच वेळी चानो शेजारी उभा होता. म्हणाला, माझा तरी राहू दे.”

“हंगाम संपला की सगळ्यांना नवे घालणार होतो,” गिल्दार्दो म्हणाला. त्याचा आवाजही चढला नव्हता. “दोन महिन्यांचा प्रश्न होता फक्त.”

मी हात उचलला होता. सार्जंटने तो धरला, नाहीतर या गोष्टीत आणखी एक गुन्हा जमा झाला असता.

७

एवेलियो त्याच संध्याकाळी सुटला. मी दारात उभी होते, काय बोलायचं ते ठरवून. तो माझ्या शेजारून गेला, समोरच्या टपरीवर काळी कॉफी मागितली आणि पाठ करून प्यायला. त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही. गल्लीसमोर नेला होता, सोडला मात्र रिकाम्या गल्लीत. त्याचं बरोबर आहे.

आठही जीपा मी जप्त केल्या. बुधवारी बाजार होता. वाड्यांवरची माणसं डोक्यावर पोती घेऊन चार-चार तास चालत आली आणि माझ्या खिडकीखाली उभी राहून त्यांनी मला शिव्या घातल्या. एका बाईने विचारलं, इतकी वर्षं चालत होतं, आताच कसं दिसलं? मी खिडकी उघडीच ठेवली.

गुरुवारी रुबिएल आला. टोपी हातात. बस म्हटलं तरी बसला नाही.

शुक्रवारचं भांडण नंबर लावण्यावरून नव्हतं. चानो माझ्याकडे यायला निघाला होता. सगळं सांगायला. रुबिएलने त्याला चौकात अडवलं. हंगाम चालू आहे, गाड्या बंद झाल्या तर आठ घरं उपाशी, आणखी थोडे दिवस थांब, म्हणून आधी हात जोडले आणि मग मारलं.

“म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं,” मी म्हटलं.

“आठही जणांना. आम्हीच तर गाड्या तुमच्याकडे आणत होतो.”

“माझ्यासमोर उभे होतात. एकानेही तोंड उघडलं नाही.”

“तुम्ही विचारलं का, बाई?” तो चिडून बोलत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “तुम्ही सरळ गाडीखाली शिरता. लोखंडाला विचारता. रोज हँडल धरतो त्याला सोळा वर्षांत एकदा तरी विचारलंत, गाडी कशी चालते रे?”

मी त्याला ओरडून बाहेर काढलं. मग दार लावून अहवाल लिहायला बसले.

मेयरने तो वाचला आणि म्हणाला, गिल्दार्दोचं सगळं राहू द्या, तेवढी तपासणीची पानं काढा. तुम्हालाही त्रास, नगरपालिकेलाही. अपघाताच्या शनिवारी मी त्याचं ऐकलं असतं. एवेलियोवर सही करून मोकळी झालेच होते की. पानं काढली नाहीत. मला आधी निलंबित केलं, मग कमी केलं.

खटला जिल्ह्याच्या गावी अकरा महिन्यांनी उभा राहिला. गिल्दार्दोच्या वकिलाने माझी वही पुढे केली आणि विचारलं, ही गाडी निर्दोष आहे असं कुणी लिहिलं? मी, म्हटलं. सांधा नवा आहे असं कुणी लिहिलं? मी. आठही वेळा? आठही वेळा. चालकांपैकी कुणाला काही विचारलं होतं? नाही. तो हसला, कारण त्याला वाटलं दोष दोघांत वाटला गेला. वाटला गेलाच. माझा मी घेतला, पण त्यामुळे त्याच्या अशिलाचा कमी झाला नाही. गिल्दार्दोला सात वर्षांची सजा झाली. आल्बेइरोला दोन, साक्ष दिली म्हणून माफ.

निकालानंतर ब्लांका निडिया पायऱ्यांवर भेटली. धाकटी तिच्या कडेवर झोपली होती.

“खरं बोललात,” ती म्हणाली, “म्हणून मी माफ केलं असं समजू नका.”

“नाही समजत.”

“कधी करेन असंही समजू नका.”

“बरं.”

तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रस्त्याकडे पाहिलं. पाल्मिचालला जाणारी शेवटची जीप भरत होती आणि आत दोनच जागा उरल्या होत्या, शेजारी शेजारी.

“चला,” ती म्हणाली. “उशीर केलात तर मागे उभं राहावं लागेल.”